व्यायामाची मात्रा आणि निवांत रस्ता : भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती सायकलवरून

रुग्णाला पथ्यापथ्य सांगून झाले की आपण सर्वच चिकित्सक शेवटी एक ओळ हमखास लिहितो, ‘नित्य व्यायाम करावा.’ गुग्गुळाच्या गोळ्या किती, काढा किती चमचे, अनुपान कोणते, जेवणापूर्वी की जेवणानंतर, हे सर्व आपण काटेकोरपणे लिहितो. व्यायामाच्या बाबतीत मात्र मात्रा, काल आणि देश या तिन्हींचा उल्लेख बहुधा राहून जातो. वास्तविक चरकाचार्यांनी लंघनाचे जे दहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत वमन-विरेचनादी शोधनांच्या पंक्तीतच व्यायामाची गणना केली आहे. जे कर्म शोधनाच्या बरोबरीने सांगितले, ते मात्रेवाचून देणे कितपत योग्य, असा प्रश्न मला एका प्रसंगाने पडला. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाच्या शोधातून लिहिला आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी औषधी दुकान चालविणारे माझे एक स्नेही आहेत. वय पन्नाशीच्या पुढे. सकाळी नऊ ते रात्री नऊ गल्ल्यावर बैठक. स्थौल्य, आलस्य, भोजनोत्तर निद्रा आणि रक्तशर्करा मर्यादेच्या थोडी वर. प्रमेहाच्या निदानात आस्यासुख आणि स्वप्नसुख यांना जे स्थान आहे, त्याचे उदाहरण म्हणून विद्यार्थ्यांना दाखवावे, अशी ही प्रकृती. मी त्यांना औषध दिले आणि नेहमीची ओळ लिहिली. त्यांनीही ती मनावर घेतली. मुलाची जुनी सायकल काढून पहाटे महामार्गावर जाऊ लागले. चौथ्या दिवशी मागून आलेल्या मालमोटारीच्या कर्कश भोंग्याने दचकून ते रस्त्याकडेच्या खडीत पडले व उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात गळ्यात अडकवून ते दुकानात बसत. भेटीला गेलो तेव्हा हसत म्हणाले, “वैद्यराज, तुमचे औषध बरोबर होते, पण अनुपान चुकले!”

विनोद खरा होता आणि दोष माझा होता. मी देश सांगितला नव्हता.

महामार्गावरचा व्यायाम : एक हेतुसंकर

श्वासाच्या निदानात चरकाचार्यांनी रज आणि धूम यांचा उल्लेख केला आहे आणि त्याच यादीत पुढे व्यायाम व अध्वगमन हेही हेतू आलेले आहेत. म्हणजे धुळीत व धुरात राहणे हा एक हेतू आणि श्रम हा दुसरा. वाहनांच्या वर्दळीत सायकल चालविणारा मनुष्य हे दोन्ही हेतू एकाच वेळी सेवन करतो. श्रमामुळे श्वासाची गती व खोली वाढलेली असते. साहजिकच बसलेल्या मनुष्यापेक्षा तो तीच दूषित हवा अधिक प्रमाणात आत घेतो.

दुसरा मुद्दा शब्दाचा. वाग्भटाचार्यांनी वाताची जी स्थाने सांगितली, त्यांत पक्वाशय, कटी, सक्थी, श्रोत्र, अस्थी आणि स्पर्शनेंद्रिय ही येतात. सायकल चालविताना कटी व सक्थी श्रम करीत असतात, आसनावर व हातांवर अखंड स्पर्श-पीडन होत असते आणि गर्दीच्या रस्त्यावर श्रोत्रेंद्रिय सतत मागच्या वाहनाचा वेध घेत असते. त्यात भयाची भर पडते. भयाने वातप्रकोप होतो, हे आपणांस नव्याने सांगावयास नको. म्हणजे कफमेदाच्या क्षयासाठी योजलेले कर्म वातप्रकोपाच्या सामग्रीने वेढले गेले. असा व्यायाम आठ-पंधरा दिवसांत सुटतो आणि दोष मात्र रुग्णाच्या आळसाला दिला जातो.

याउलट, वाहनांची वर्दळ नसलेला, झाडीतून जाणारा, फारसा न तापणारा रस्ता मिळाला तर तेच कर्म सुखावह होते व नित्य घडू शकते. आपल्या राज्यात असे रस्ते आजही आहेत. त्यांपैकी माझ्या परिचयाचा एक येथे सांगतो.

शेंडी ते शेंडी : जलाशयाची प्रदक्षिणा

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन माथ्याला लागून भंडारदरा आहे. प्रवरा नदीवरील विल्सन धरणाचे काम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पूर्ण झाले. ११,०३९ दशलक्ष घनफूट क्षमतेच्या या जलाशयाला ऑर्थर लेक या नावानेही ओळखतात. धरणालगतचे छोटे गाव म्हणजे शेंडी. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे साडेसातशे मीटर. मुंबई-नाशिककडून येणाऱ्यांना इगतपुरी-घोटीवरून आणि पुण्याकडून येणाऱ्यांना संगमनेर-अकोले-राजूर या मार्गाने येथे पोहोचता येते.

शेंडीहून निघून मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि मग उडदावणे, पांजरे, मुरशेत या वाड्या-वस्त्यांवरून पुन्हा शेंडीला येणारा रस्ता जलाशयाला वळसा घालतो. ही प्रदक्षिणा सुमारे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांची होते. बहुतांश परिसर १९८६ साली घोषित झालेल्या कळसुबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. एका अंगाला १६४६ मीटर उंचीचे कळसुबाई शिखर, समोर रतनगड, पलीकडे अलंग-मदन-कुलंग ही दुर्गत्रयी आणि मध्ये पाणी, असा हा प्रदेश आहे.

मनगट पूर्ण बरे झाल्यावर आणि घराजवळच्या कालव्याच्या सपाट रस्त्यावर दोन महिने सराव झाल्यावर मी स्नेह्यांना मार्गशीर्षातील एका मंगळवारी येथे घेऊन गेलो. वार मुद्दाम निवडला होता. शनिवार-रविवारी येथेही मोटारींची रांग लागते. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी मात्र रतनवाडीपर्यंतच्या वाटेवर आम्हांला एक एस. टी., दोन दुचाकी आणि गुरांचा एक कळप एवढेच भेटले. पाण्यावर धुक्याचा थर होता. गुरांच्या गळ्यातील घंटा, बुलबुलांचा आवाज आणि आमच्या सायकलींच्या साखळीचा आवाज, याखेरीज काही ऐकू येत नव्हते. पहिल्या अर्ध्या तासात माझे स्नेही तीन वेळा मागे वळून पाहत होते. पुढे पुढे त्यांचे वळणे थांबले. खांदे खाली आले, हातांची पकड सैल झाली. भय सुटले की शरीरात काय घडते, हे मला त्या दिवशी नाडीवर हात न ठेवता दिसले.

रतनवाडीला अमृतेश्वराचे काळ्या पाषाणातील, शिलाहारकालीन मानले जाणारे मंदिर व त्यालगत देवकोष्ठे असलेली देखणी पुष्करणी आहे. येथे अर्धा तास विश्रांती घेतली. पुढे साम्रदकडे चढ आहे व रस्ता काही ठिकाणी उखडलेला आहे. तेथे स्नेह्यांच्या नाकावर व कपाळावर घाम दिसू लागला आणि ते तोंडाने श्वास घेऊ लागले. मी त्यांना खाली उतरावयास सांगितले. ते म्हणाले, “लोक काय म्हणतील?” मी म्हटले, “येथे लोक कोठे आहेत?” आम्ही दोघे सायकली हाताने लोटत चढ चढलो.

अर्धशक्तीची खूण

येथे शास्त्रातील सर्वांत उपयुक्त सूत्राचा विचार करू. व्यायाम बलाच्या अर्ध्याने करावा, असे सुश्रुताचार्य व वाग्भटाचार्य दोघेही सांगतात. अर्धे बल कसे ओळखावे? हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागला, म्हणजे मनुष्य तोंडाने श्वास घेऊ लागला, की अर्धशक्ती झाली. काख, कपाळ, नासिका व हातापायांचे सांधे यांवर घाम येणे आणि तोंडाला कोरड पडणे, याही खुणा परंपरेने सांगितल्या आहेत. या खुणा रुग्णाला स्वतःला कळतात. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. सपाट रस्त्यावर चालकाला पूर्ण वाक्य सहज बोलता येत असेल तर तो मर्यादेच्या आत आहे. दोन शब्दांनंतर दम घ्यावा लागला तर मर्यादा ओलांडली गेली, असे समजावे.

ही मर्यादा ओलांडल्यास तृष्णा, क्षय, प्रतमक, रक्तपित्त, श्रम, क्लम, कास, ज्वर व छर्दी ही लक्षणे ग्रंथात सांगितली आहेत. आणखी एका सूत्राकडे लक्ष वेधतो. श्रमश्वास हा अधारणीय वेगांपैकी एक आहे. त्याचे धारण केल्याने गुल्म, हृद्रोग व संमोह होतात. चढावर लाजेखातर दम लागल्याचे लपविणारे आणि दात-ओठ आवळून श्वास रोखणारे सायकलस्वार नेमके हेच करीत असतात. अशा वेळी विश्रांती व वातघ्न उपचार हीच चिकित्सा होय. तीच गोष्ट मूत्रवेगाची. दीर्घ प्रवासात संकोचाने मूत्रवेग अडविला जातो. विशेषतः स्त्री-रुग्णांना याची पूर्वसूचना द्यावी व थांबण्याची ठिकाणे आधी ठरवावीत.

रथक्षोभ व अत्यासन

चरकाच्या सिद्धिस्थानात आठ महादोषकर भाव सांगितले आहेत. शोधनानंतर ते कटाक्षाने वर्ज्य करावेत, हे आपण रुग्णांना सांगतच असतो. त्यांतील दोन भाव सायकलला तंतोतंत लागू पडतात : रथक्षोभ, म्हणजे वाहनाचे हादरे, आणि अत्यासन, म्हणजे एकाच बैठकीत दीर्घकाळ बसणे. अत्यासनाने नितंब, पार्श्व, वंक्षण, वृषण, कटी व पृष्ठ या ठिकाणी वेदना होतात, हे वर्णन वाचताना ते एखाद्या सायकलस्वारालाच पाहून लिहिले असावे, असे वाटते. म्हणून काही गोष्टी व्यवहारात पाळाव्यात.

पंचकर्मानंतरचा परिहारकाल संपेपर्यंत सायकल पूर्ण वर्ज्य करावी. त्यानंतरही आरंभ सपाट व गुळगुळीत रस्त्यावरच असावा.

बैठकीची उंची तपासावी. पायटा सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकविली असता पाय जवळजवळ सरळ व्हावयास हवा. बैठक फार खाली असेल तर गुडघा अधिक वाकतो व त्याच्या पुढच्या भागात वेदना होते. सायकलवर शरीराचा भार बैठक पेलते, म्हणून स्थूल व्यक्तीला पळण्यापेक्षा हा व्यायाम जानुसंधीला सोसतो. परंतु बैठक चुकीची असेल तर हा लाभ हातचा जातो. जड दंतचक्रावर जोर लावून पाय दाबण्यापेक्षा हलक्यावर भरभर फिरविणे गुडघ्याला हितकर.

दर दहा-पंधरा मिनिटांनी काही क्षण बैठकीवरून उठावे. गुद व बस्ती या मर्मांच्या परिसरावर सतत दाब राहणे योग्य नव्हे. तेथे किंवा करंगळीच्या बाजूला बधिरता जाणवल्यास ताबडतोब थांबावे. तळहाताच्या मध्यभागी तलहृदय मर्म आहे. मऊ अस्तराचे हातमोजे वापरल्यास हादरे कमी पोहोचतात.

उताराला लागताना छाती झाकावी. घामेजल्या अंगाला थंड वारा लागणे आणि घाम निथळत असताना गार पाणी पिणे, हे दोन्ही अपथ्यच.

काल आणि पात्र

शीतकाल व वसंत या ऋतूंत बलवान व स्निग्धभोजी मनुष्याने अर्धशक्ती व्यायाम करावा व इतर ऋतूंत त्याहून कमी करावा, असा नियम आहे. वर्षा ऋतूत तर आयास वर्ज्यच सांगितला आहे. गंमत अशी की, शहरातील मंडळी भंडारदऱ्याला सर्वाधिक गर्दी करतात ती नेमकी पावसाळ्यात. घाटघर-रतनवाडीचा पट्टा जिल्ह्यातील सर्वाधिक पर्जन्याचा असून रस्ता निसरडा, हवा अत्यंत आर्द्र आणि अग्नी मंद असतो. डोळ्यांना तो देखावा सुखद असला तरी आपल्या रुग्णाला मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचाच काळ सुचवावा. त्यातही उत्तरार्ध विशेष चांगला, कारण वसंतात विलयन पावणाऱ्या कफाला व्यायाम व उद्वर्तन हीच चिकित्सा सांगितलेली आहे. ग्रीष्मात कडक उन्हामुळे हा प्रवास टाळावा.

वातपित्तज व्याधींचे रुग्ण, बाल, वृद्ध, अजीर्णी, तसेच रक्तपित्त, शोष, श्वास, कास, उरःक्षत व भ्रम यांनी पीडित रुग्ण, अतिकृश आणि नुकतेच भोजन केलेले, यांना हा व्यायाम देऊ नये. चाळिशीनंतर प्रथमच आरंभ करणाऱ्याचा रक्तदाब व हृदयाची तपासणी आधी करून घ्यावी. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरविणाऱ्या काही आधुनिक गोळ्या घेणाऱ्यांची शर्करा श्रमाने एकाएकी खाली जाऊ शकते. त्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, खिशात साखर ठेवावी व एकट्याने जाऊ नये. छातीत दुखणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे यांस ‘थकवा’ समजण्याची चूक कोणीही करू नये.

प्रमेहाच्या चिकित्सेत सुश्रुताचार्यांनी निर्धन रुग्णाला पादत्राणे व छत्रीवाचून, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहून शंभर योजने चालावयास सांगितले आहे. त्यातील कठोरपणा बाजूला ठेवला तरी मर्म ध्यानी येते : दीर्घ, संथ, नित्य गती, मित आहार, आणि घरच्या गादीपासून दूर राहणे. निवांत रस्त्यावरची सायकल हे त्याच विचाराचे आजच्या गृहस्थाला झेपणारे रूप आहे, असे म्हणावयास हरकत नसावी.

औषधालयांसाठी दोन गोष्टी

श्रमहर महाकषायातील दहा द्रव्ये पाहा : द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गू, परूषक, इक्षू, यव व षष्टिक. यांतील बहुतेक द्रव्ये खाण्याचीच आहेत. मनुका, खजूर, चारोळी, अंजीर आणि डाळिंब यांची शिदोरी शर्कराधिक्य नसलेल्या सायकलस्वारासाठी बाजारातील रंगीत पेयांपेक्षा निश्चितच उत्तम. प्रमेही रुग्णाने मात्र यांतील मधुर द्रव्ये मोजूनच घ्यावीत. प्रवासानंतर सर्वांगाला मर्दन शास्त्रोक्त आहे. वातप्रधान व्यक्तीला तेल व कफमेदप्रधान व्यक्तीला उद्वर्तन, हा भेद विक्रेत्यांनी ग्राहकाला अवश्य समजावून सांगावा. बैठकीच्या घर्षणाने त्वचा सोलवटल्यास शतधौत घृताचा उपयोग होतो.

दुसरी गोष्ट वनस्पतींची. या डोंगरांत हिरडा, बेहडा, जांभूळ पदोपदी भेटतात. अकोले, जुन्नर, आंबेगाव भागांतील आदिवासी कुटुंबांना बाळहिरड्याच्या वेचणीतून वर्षातील मोजकी रोकड मिळते. पिशवीतून येणाऱ्या द्रव्याचे झाड कसे दिसते, हे आपल्यापैकी अनेकांनी पदवीनंतर पाहिलेले नसते. मोटारीतून ते दिसत नाही, सायकलवरून दिसते. मात्र हे अभयारण्य आहे. येथून पान-फळही तोडून नेऊ नये. पाहावे, ओळखावे आणि पुढे जावे.

निवांतपणा टिकवावयास हवा

घाटघरला आम्ही कोकणकड्यावर उभे राहिलो. येथे २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. खालचे पाणी पुन्हा वर चढविले जाते. एवढा मोठा प्रकल्प शेजारी असूनही त्या सकाळी शांतता होती. परंतु ती गृहीत धरता येणार नाही. वळवाच्या सुमारास काजवे पाहण्यासाठी याच रस्त्यावर रात्री वाहनांच्या रांगा लागतात. दिव्यांचे झोत आणि भोंगे यांनी काजव्यांनाही उपद्रव होतो. म्हणून वनविभागाला निर्बंध घालावे लागले आहेत. आल्प्स पर्वतात २,७५७ मीटर उंचीचा स्टेल्व्हिओ घाट वर्षातून एक दिवस मोटारींना बंद ठेवून सायकलस्वारांना मोकळा दिला जातो. हिवाळ्यातील एखाद्या रविवारी सकाळचे चार तास, एस. टी. व रुग्णवाहिका वगळून, आपल्याकडेही असे करता आले तर स्थानिकांच्या खानावळींना गिऱ्हाईक मिळेल आणि रस्त्यालाही विश्रांती मिळेल. अर्थात हा निर्णय तेथील ग्रामस्थांचा. आपण विनंती करू शकतो. तोवर निदान एवढे करावे की आपली मोटार शेंडीलाच ठेवावी.

त्या दिवशी आम्ही पूर्ण प्रदक्षिणेला सात तास लावले. त्यांतील दोन तास विश्रांतीचे व पाऊण तास पायी चढण्याचा. दुपारी एका घरी नाचणीची भाकरी, पिठले व गरम पाणी मिळाले. स्नेह्यांनी दुसरी भाकरी मागितली नाही, हे मी मनात नोंदवून ठेवले. आज ते आठवड्यातून पाच दिवस कालव्याच्या रस्त्यावर चाळीस मिनिटे सायकल चालवितात व हिवाळ्यात दोनदा भंडारदऱ्याला येतात. कमरेचा पट्टा दोन छिद्रे आत आला आहे, भोजनोत्तर निद्रा सुटली आहे. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडण्याचा माझा हेतू नाही. औषध व पथ्य दोन्ही चालूच होते.

मी मात्र माझी ती जुनी ओळ बदलली आहे. आता चिठ्ठीवर लिहितो : सायकल, सपाट व निवांत रस्ता, सूर्योदयानंतर, कपाळावर घाम येईपर्यंत. आपल्या संघटनेच्या प्रत्येक तालुका शाखेने आपापल्या परिसरातील असे पाच-दहा रस्ते शोधून, चालवून पाहून त्यांची यादी चिकित्सालयाच्या भिंतीवर लावावी, अशी सर्व व्यवसायबंधू-भगिनींना नम्र विनंती आहे. रुग्णाला व्यायाम सांगण्यापूर्वी तो रस्ता वैद्याने स्वतः पाहिलेला असावा.